शिकंज्यातले नेच्याचे पान

मित्रांनो, मी एक जुना शिकंजा आहे. नाव ऐकून दचकू नका. ‘चोर पोलिसांच्या शिकंज्यात’ असे वर्तमानपत्रात छापून आले की माझे मालक ती ओळ मोठ्याने वाचत आणि माझ्याकडे बघून म्हणत, “काय रे, तू कधी गेला होतास?” मी कुठेही गेलेलो नसे. मी पुस्तकबांधणीच्या दुकानातला शिकंजा. आयुष्यात एकही चोर मी धरलेला नाही. मी धरली ती पुस्तके, आणि म्हातारपणी झाडांची पाने. मला सांगायची आहे ती त्या पानांचीच हकिगत. पण आधी माझी ओळख करून देतो, म्हणजे पुढचे नीट समजेल.

माझी बनावट साधी आहे. खाली एक जाड लोखंडी पाट, वर तसाच दुसरा पाट, दोन बाजूंना दोन खांब. मधोमध मनगटाएवढा जाड स्क्रू आणि त्याच्या डोक्यावर गोल चाक. चाक फिरवले की वरचा पाट खाली येतो आणि दोन्ही पाटांच्या मध्ये जे काही असेल ते दाबले जाते. एवढेच मला येते. वाळूच्या साच्यात तापलेले लोखंड ओतून मला घडवले, कानशीने कडा घासल्या, स्क्रूला आटे पाडले आणि काळा रंग फासला. ओतताना हवेचा एक बुडबुडा अडकून माझ्या डाव्या खांबात खळगा राहिला. कारागीर म्हणाला, “हा तुकडा मोडीत टाकू.” मालक तेव्हा तरुण होते, नुकतेच लग्न झालेले. ते म्हणाले, “राहू दे. गालावर खळी पडली म्हणून कुणी माणूस मोडीत काढतं का?” अशा रीतीने मी त्यांच्या दुकानात आलो.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला पुठ्ठे, दुसऱ्या भिंतीला कापडाचे गुंडाळे, खिडकीशी शिवणाचे टेबल आणि कोपऱ्यात मी. मालक सुट्या पानांचे गठ्ठे दोऱ्याने शिवत, कण्याला पिठाची खळ लावत, पुठ्ठे चढवत आणि मग ती ओली पुस्तके थप्पी करून माझ्या स्वाधीन करत.

त्यांच्या धंद्यात एक शब्द होता, ‘बसणे’. पुस्तक शिवून झाले म्हणजे तयार झाले असे नव्हे, ते बसले पाहिजे. पाने एकमेकांना धरून राहिली, कणा ताठ झाला, पुठ्ठा वर उचलला गेला नाही की पुस्तक बसले. खळ सुकू लागते तसा कागद आक्रसतो, थप्पी किंचित खाली जाते आणि माझी पकड सैल पडते. मग चाकाला पुन्हा थोडा पीळ द्यावा लागतो. मालकांनी हे काम कधीच ठरवून केले नाही. चहाला उठले, दिला पीळ. चहा पिऊन आले, दिला पीळ. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, पेन्सिल शोधता शोधता, शिंक आली म्हणून थांबले तरी हात माझ्या चाकावर. दर वेळी पुटपुटत, “बसलं का?” उत्तराची वाट मात्र बघत नसत. मालकीणबाई एकदा दुकानात आल्या होत्या. त्यांनी हे घटकाभर बघितले आणि म्हणाल्या, “दिवसभरात माझ्याशी एवढं बोलत नाहीत हो तुम्ही.”

मालकांनी बांधलेले पुस्तक जिन्यावरून गडगडत खाली आले तरी त्याचे पान सुटत नसे. गावातल्या वाचनालयाची जवळजवळ सगळी पुस्तके माझ्या हाताखालून गेली. लोक बांधणीचे कौतुक करत. माझे नाव कुणी घेत नसे आणि ते योग्यच होते. चांगल्या शिकंज्याची खूण पुस्तकावर राहता कामा नये. जे काही उंचसखल असेल ते सपाट करायचे आणि आपण तिथे होतो हे कुणाला कळू द्यायचे नाही, हा माझा धर्म. पुढे काय होणार आहे हे मला तेव्हा कुठे माहीत होते!

मित्रांनो, कामाचे दिवस लवकर सरतात. यंत्राने चिकटवलेली पुस्तके आली. ती बांधायला नकोत, वाचून झाली की आपोआप सुटतात. दुकानातली थप्पी वर्षागणिक बुटकी होत गेली. त्यातच मालकांचे हात कापू लागले. सुरुवातीला ते म्हणत, दोराच आता नीट येत नाही. मग म्हणू लागले, सुईची भोकं बारीक झाली आहेत. एक दिवस त्यांनी सुई पेटीत ठेवली, पेटीचे झाकण लावले आणि दुकान सोडले. माझ्यासाठी चार हमाल बोलवावे लागले. घरी मला मागच्या व्हरांड्यात ठेवण्यात आले.

या व्हरांड्यातून मालकीणबाईंच्या बागेत जाता येते. बाग लहान आहे. पण आत शिरायला जागा नाही इतकी भरलेली. कर्दळ, अबोली, गुलबक्षी, सदाफुली, लिंबाचे झाड, कोरफडीच्या रांगा आणि भिंतीलगतच्या सावलीत कुंड्यांतून झुलणारे नेचे. नेचा तुम्ही पाहिला असेल. फूल नाही, फळ नाही, नुसती झालरीसारखी लांब पाने. बागेत मालकीणबाईंचा कायदा चाले आणि त्याचे पहिले कलम होते, पान तोडायचे नाही.

मला व्हरांड्यात ठेवून आठवडा झाला नसेल, तोवर माझ्या वरच्या पाटावर झारी आली. मग खुरपे आले. मग चाकावर ओले फडके वाळत पडले. शेवटी नेच्याची सगळ्यांत मोठी कुंडी माझ्या खालच्या पाटावर येऊन बसली, आणि मी शिकंज्याचा कुंडीठेव झालो. पाण्याचे थेंब पडून आटे गंजले. रंगाचे पापुद्रे सुटले. मालक येता-जाता माझ्याकडे बघत. पण चाकाला हात लावत नसत. कुंडीला काय पीळ देणार?

एकदा भंगारवाला दारात आला. मला बघून त्याचे डोळे चमकले. “काका, हे धूड देऊन टाका. नुसतं गंजतंय.”

मालकीणबाई आतून ओरडल्या, “देऊन टाका म्हणे! आणि माझी नेच्याची कुंडी कुठे ठेवू? तुझ्या डोक्यावर?”

भंगारवाला गेला. मी वाचलो तो प्रेमापोटी की कुंडीपोटी, हे मी फार खोलात जाऊन तपासले नाही.

आता ताईंविषयी सांगतो. ताई म्हणजे या दोघांची मुलगी. शाळेत चित्रकला शिकवतात. वर्षानुवर्षे त्यांनी मुलांची चित्रे दुरुस्त केली, स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवले, फळ्यावर सुविचाराभोवती वेलबुट्ट्या काढल्या. स्वतःचे म्हणावे असे काम कुणी त्यांच्याकडे मागितले नव्हते. ते पहिल्यांदा मागितले वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी. वाचनकक्षाची एक मोठी भिंत रंगरंगोटी होऊन रिकामी झाली होती. तुमच्या बागेतल्या झाडांवर काहीतरी करा, म्हणाल्या. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी भिंत खुली करू.

त्या संध्याकाळी ताईंनी कुंडी उतरवली, झारी उतरवली आणि तेलाचे फडके घेऊन माझे आटे पुसायला बसल्या. मालक दारात उभे राहून बघत होते.

“काय करणार आहेस त्याचं?”

“पानांचे ठसे घेणार बाबा. पानाला शाई लावायची, त्यावर ओला कागद, त्यावर जाड लोकर आणि वरून दाब.”

“आणि पानं कुठली आणणार?” मालकीणबाईंनी आतून विचारले. तोडायचा विषय निघाला की त्यांना भिंतीपलीकडूनही ऐकू येते.

मग वाटाघाटी सुरू झाल्या. एका झाडाचे एक पान. तेही खालचे, वरचे नाही. कोवळे तर मुळीच नाही. अबोलीला हात लावायचा नाही, तिला बरे नाही. कोरफडीचे पान ताईंनी हट्टाने घेतले आणि माझ्यात दाबले. त्यातून जे काही बाहेर आले ते पुसायला मालकीणबाईंची जुनी चादर लागली. “सांगत होते,” एवढेच त्या म्हणाल्या. पण दिवसभर म्हणत राहिल्या.

भिंतीच्या मध्यावर नेच्याचे पान असावे, असे ताईंनी ठरवले. मालकीणबाई दोन दिवस येता-जाता मोठ्या कुंडीतली पाने मोजत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः कात्री घेतली आणि मोठ्या कुंडीतले हातभर लांब, एकही दात न मोडलेले पान कापून ताईंच्या हातात ठेवले. “घे. पण नासाडी करू नकोस, चिमणे.” ताईंचे वय काहीही असो, घरात त्या चिमणीच आहेत.

ताईंनी पान माझ्या खालच्या पाटावर पालथे ठेवले. नेच्याची पाठ अधिक उठावदार असते, म्हणून पाठीला शाई लावली. वर ओलसर जाड कागद, त्यावर लोकर. चाक हलकेच टेकवले. तेवढ्यात शाळेतून फोन आला. मुख्याध्यापिका बाईंनी तातडीने बोलावले होते. अलगद टेकवलेल्या पाटाने काय बिघडणार, असा विचार करून ताई निघून गेल्या.

मित्रांनो, काय झाले असेल ते तुम्ही ओळखले असेल. मालक चष्मा शोधत व्हरांड्यात आले. माझ्यात काहीतरी ठेवलेले आहे, हे त्यांच्या डोळ्यांनी बघितले नसेल. पण हाताने बघितले. दिला पीळ. “बसलं का?” चष्मा सापडला, परत जाताना दिला पीळ. पाय धुवायला नळावर गेले, पीळ. परत आले, पीळ. वाळलेले कपडे काढायला, दूधवाला आला का बघायला, कुणी हाक मारली असे वाटले म्हणून. मला खूप दिवसांनी काम मिळाले होते. मी मुकाट्याने खाली सरकत राहिलो.

ताई परत आल्या तेव्हा चाक त्यांना हलेना. दोन्ही हातांनी उलटे फिरवून त्यांनी मला उघडले. शाई दाबाखाली सगळीकडे पसरली होती. पानाचा लगदा होऊन तो कागदाला चिकटला होता. नेच्याच्या जागी एक लांबट काळा डाग होता.

“बाबा!”

मालक आले. त्यांनी कागद बघितला, मग स्वतःचे हात बघितले.

“तुम्ही चाक फिरवलंत?”

“फिरवलं असेल.”

“असेल म्हणजे? आईनं एवढं एकच पान दिलं होतं. बाबा, तुम्हाला हजारदा... आजपासून शिकंज्याला हात लावायचा नाही. अजिबात नाही.”

“बरं,” मालक म्हणाले.

इतके सरळ ‘बरं’ त्या घरात आधी कुणी ऐकले नव्हते. त्यांनी भांडायला हवे होते. दुसऱ्या दिवसापासून ते व्हरांड्यातून जाताना दोन्ही हात पाठीमागे बांधून जाऊ लागले. डाव्या हाताने उजव्या हाताचे मनगट धरलेले. जणू तो दुसऱ्या कुणाचा हात आहे आणि त्याच्यावर नजर ठेवायची आहे.

ताई एकट्याने काम करत राहिल्या. कर्दळ झाली, गुलबक्षी झाली, लिंबाची डहाळी झाली. ठसे स्वच्छ होते, नेटके होते. ग्रंथपालबाई एकदा घरी बघायला आल्या. ताईंनी सगळे कागद व्हरांड्यात मांडले. बाईंनी ते एकेक करून पाहिले, चहा घेतला आणि अगदी मनापासून म्हणाल्या, “छान झालेत. वर्गातल्या मुलांकडून करून घेतलेत का?”

ताई म्हणाल्या, “नाही. मीच केलेत.”

“हो का? छानच आहेत,” बाई म्हणाल्या आणि घाईघाईने बागेची चौकशी करू लागल्या.

त्या गेल्यावर ताई बराच वेळ पायरीवर बसून होत्या. मालकीणबाईंनी उरलेला चहा गरम करून आणून दिला. तो तसाच गार झाला. ठसे वाईट नव्हते, हे मीही सांगू शकतो. पण तशी पाने कुठल्याही शाळेच्या भिंतीवर दिसली असती. रविवार जवळ आला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मिळालेली भिंत आपण वाया घालवणार, ही धास्ती ताईंच्या मनात बसली.

मालकीणबाईंना काहीही फुकट घालवलेले खपत नाही. नेच्याचा तो बिघडलेला जाड कागद त्यांनी टाकून न देता उलटा करून व्हरांड्यात अंथरला आणि त्यावर गुलबक्षीच्या बिया वाळत घातल्या. एके सकाळी तिरपे ऊन आले असताना त्या बिया गोळा करू लागल्या आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी कागदावरून पुन्हा बोट फिरवले.

“चिमणे, अगं इकडे ये. हे काय आहे?”

“आई, माझी घाई आहे.”

“ये म्हणते ना! बोट लाव इथे. नेच्याच्या पाठीवरचे दाणे आहेत बघ. सगळेच्या सगळे!”

नेच्याच्या पानाच्या मागे ओळीने बारीक तपकिरी ठिपके असतात. त्यांतूनच पुढचे नेचे होतात. शाई पसरली होती पुढून. कागदाच्या मागच्या, कोऱ्या बाजूला मात्र पूर्ण पान उठून आले होते. मधला दांडा, दाते, शिरा आणि दाण्यांच्या ओळी. रंग काहीच नाही. पांढऱ्यावर पांढरे. समोरून बघितले तर कोरा कागद, बाजूने उजेड आला की नेचा.

ताईंनी बिया ओंजळीने बाजूला केल्या, कागद उचलला आणि शाळेला उशीर होईपर्यंत उन्हात धरून ठेवला.

मला मात्र चमत्कारिक वाटले. जन्मभर मी उंचवटे सपाट केले. माझी खूण राहू नये म्हणून जपलो. आणि इथे ही मंडळी माझ्या दाबाने उठलेल्या उंचवट्यावरून बोट फिरवून आनंदत होती.

आता शाई नको, नुसता दाब हवा, हे ताईंच्या लक्षात आले. त्यांनी कर्दळीचे पान ओल्या कागदाखाली ठेवले आणि एका दमात चाक जेवढे फिरेल तेवढे फिरवले. देठाशी कागद फाटला. दुसऱ्या खेपेला जपून फिरवले. कागद सपाटच्या सपाट राहिला. तिसऱ्या खेपेला पान चिरले. ओला कागद एका झटक्यात पानाचा आकार घेत नाही. तो सुकत जातो, पान मऊ पडत जाते आणि मधून मधून दाब थोडा थोडा वाढवावा लागतो. तो कधी आणि किती वाढवायचा?

त्या मालकांकडे गेल्या. “बाबा, त्या दिवशी तुम्ही चाक कितीदा फिरवलंत?”

“मी कुठे मोजलं?”

“अंदाजे?”

“येता-जाता फिरवलं. किती आलो, किती गेलो, कुणाला ठाऊक!”

“मग आज फिरवून बघा ना.”

मालकांचे हात पाठीमागेच होते. “नको. हात लावायचा नाही असं ठरलंय.”

“अहो, एवढं मनावर काय घेता?” मालकीणबाई म्हणाल्या. “मी इतक्या वर्षांत शंभर गोष्टी सांगितल्या, त्यातली एक तरी अशी ऐकलीत का?”

“बाबा, मी रागाच्या भरात बोलले,” ताई म्हणाल्या.

“तू बरोबर बोललीस.” मालकांनी हात पुढे आणले आणि ताईंना दाखवले. ते थरथरत होते. “या हातांना आता काही कळत नाही. आधी सुई गेली. त्या दिवशी तुझं काम नासवलं आणि मला पत्ताही नाही. उद्या अजून काही करतील. त्यांना बांधून ठेवलेलंच बरं.”

एवढे दिवस आम्हा सगळ्यांना वाटत होते की ते मुलीवर रुसले आहेत. ते स्वतःच्या हातांवर रुसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकीणबाईंनी पुन्हा कात्री घेतली. मोठ्या कुंडीत तेवढे एकच धड पान उरले होते. ते कापल्यावर नेचा एका बाजूने बोडका दिसू लागला. ताईंनी ते पान माझ्यात ठेवले. शाई नाही, नुसते पान, कागद आणि लोकर. पाट टेकवला. मालक दारात उभे होते. त्यांच्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “मी शाळेत चालले. संध्याकाळी जे असेल ते असेल.” आणि गेल्या.

मित्रांनो, ती दुपार मला विसरता येणार नाही. शिकंज्याला स्वतःचे चाक फिरवता येत नाही. माझ्या पोटात पान हळूहळू कोमेजत होते, कागद वरून सुकत होता आणि कुणी आले नाही तर संध्याकाळी एक सपाट कागद निघणार होता.

मालक आले ते हात पाठीमागे बांधून. गेले. नळावरून परत आले, गेले. मालकीणबाईंनी आतून हाक दिली, “अहो, माझा चष्मा बाहेर राहिलाय का बघा.” ते आले, बघितले, चष्मा नव्हता. चष्मा मालकीणबाईंच्या नाकावर होता. थोड्या वेळाने, “अहो, दोरीवरचा टॉवेल द्या.” टॉवेल घेऊन गेले. मग, “अहो, मांजर शिरलंय का बागेत?”

“आपल्याकडे मांजर येत नाही,” मालक व्हरांड्यातून म्हणाले.

“आज आलं असेल. नीट बघा.”

मालक बागेकडे तोंड करून उभे राहिले. मांजर नव्हते. मग ते वळले आणि माझ्यासमोर थांबले. दुकान सुटल्यापासून ते माझ्यासमोर असे थांबले नव्हते. त्यांनी मनगट सोडले. उजवा हात पुढे आला, चाकाजवळ येऊन अडला, थरथरला. चाकावर टेकला आणि थरथर थांबली. माझे चाक जड आहे. त्याला धरलेल्या हाताला कापायला वाव राहत नाही. त्यांनी अगदी थोडा पीळ दिला.

“बसलं का?” ते म्हणाले. आणि या वेळी वाट बघत उभे राहिले. माझ्या आट्यांतून बारीकशी कुरकुर निघाली. तिला उत्तर म्हणायचे की नाही ते त्यांनी ठरवावे.

त्यानंतर मालकीणबाईंना काहीच हरवावे लागले नाही. मालक आपणहून आले, गेले, आले. पाणी प्यायला, आभाळ बघायला, घड्याळ पुढे आहे की मागे ते बाहेरच्या उन्हावरून ताडायला. दर फेरीला एक पीळ. कधी जास्त, कधी नुसता बोटभर. कुठल्या हिशेबाने, हे त्यांनाही सांगता आले नसते. एका फेरीला तर चाकावर हात ठेवून नुसतेच उभे राहिले आणि न फिरवता निघून गेले.

संध्याकाळी ताई आल्या. त्यांनी पाट उचलला, लोकर काढली, कागद सोलून घेतला. नेचा उठला होता, देठापासून शेंड्यापर्यंत. डाग नाही, चीर नाही. शेंड्याजवळची कोवळी गुंडाळीसुद्धा आली होती, जी शाईच्या ठशात कधीच आली नसती. ताईंनी कागद वडिलांपुढे धरला.

“कागद बरा दिसतोय,” मालक म्हणाले. “कुठून आणलास?”

रविवारपर्यंत मी एक दिवसही रिकामा नव्हतो. शाईचे सगळे ठसे ताईंनी बाजूला ठेवले. कर्दळ, लिंब, गुलबक्षी पुन्हा केली. अबोलीला बरे वाटत होते, तिचेही एक पान मिळाले. दोन कागद बिघडले. मालक हातांना दोष द्यायला लागले तेव्हा ताई म्हणाल्या, “तीन मी बिघडवले होते बाबा. अजून एक तुमचा शिल्लक आहे.” मालक हसले.

रविवारी मी अर्थातच घरी होतो. मला हलवायला चार माणसे लागतात. पण रात्री जेवायच्या आधी सगळे व्हरांड्यातच बसले, म्हणून सगळे माझ्या कानावर आले. भिंतीवर बाजूने दिवे लावले होते. लोक येत, कोरे कागद बघून बुचकळ्यात पडत, दोन पावले सरकत आणि थबकत. ग्रंथपालबाईंनी पाटी लावली होती, हात लावून बघा. चिखलाचे हात तेवढे धुऊन या.

“आणि हे कुठे होते माहीत आहे?” मालकीणबाई मलाच सांगत असल्यासारख्या म्हणाल्या. “सगळं गाव भिंत बघतंय आणि हे कपाटातली पुस्तकं काढून त्यांचे कणे तपासत बसलेत!”

“दोन सुटायला आली आहेत,” मालक म्हणाले.

“एका बाईंनी हिला विचारलं, हे तुम्ही एकटीनं केलंत का? तर ही म्हणते, पानं आईची, कागद माझा आणि दाब बाबांचा. दाब म्हणे! या घरात बाबांचा दाब! मला तिथे वाचनालयात हसू आवरेना. ‘शांतता राखा’ लिहिलेल्या पाटीखाली उभी होते मी.”

ताईसुद्धा हसत होत्या. हसणे ओसरल्यावर त्या म्हणाल्या, “बाबा, ग्रंथपालबाई म्हणाल्या, जिन्यातली भिंतही रिकामी आहे. उद्यापासून सुरू करू या. कर्दळीचं मोठं पान आहे, दिवसभर लक्ष द्यावं लागेल.”

मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कितीतरी काळाने त्यांना कुणी उद्याचे काम सांगितले होते.

“बघू,” ते म्हणाले. “मला वेळ मिळाला पाहिजे.”

मित्रांनो, माझी एवढीच हकिगत आहे. तुमच्या घरात माझ्यासारखे एखादे जुने अवजार पडून असेल तर त्याच्या आट्यांना अधूनमधून तेल द्या, एवढे मागणे मागून मी थांबलो असतो. पण तुमच्या घरात असे हातही असतील, ज्यांच्याकडून काहीतरी सांडते, फुटते, बिघडते आणि ज्यांना आपण जपण्यासाठीच म्हणतो की तुम्ही बसा, हात लावू नका. त्यांना काम सांगा. मन राखण्यासाठी काढलेले खोटे काम नको. ते त्यांना लगेच कळते. तुमचे खरोखर अडलेले असेल ते सांगा. थोडे बिघडेल. बिघडू द्या. आणि ते ‘बघू, वेळ मिळाला तर’ असे म्हणाले, तर नाराज होऊ नका. ते होच म्हणालेले असतात.